नाणी कशात ठेवायची? आधी पाकिटाचा वास घेऊन बघा

नाणी जमवायला लागलो तेव्हा मी मऊ पारदर्शक खिशांचा एक अल्बम घेतला, दिसायला एकदम भारी, आणि भरून झाल्यावर तीन-चार वर्षं कपाटात तसाच पडून राहिला. उघडला तर तांब्याच्या नाण्यांवर हिरवट चिकट थर, बोट लावलं की बोटालाच येतोय. म्हणून खरेदीच्या आधी घरात जे आहे ते तपासा.

पायरी 1: प्लास्टिक ओळखा
हाताला मऊ, लवचिक लागतंय आणि नव्या रेनकोटसारखा वास येतोय, तर ते पीव्हीसी असायची शक्यता दाट. त्याला मऊ करायला घातलेलं तेलकट रसायन हळूहळू बाहेर झिरपतं, शिवाय प्लास्टिक जुनं होताना त्यातून आम्ल सुटतं आणि ते तांबं खातं.

खात्री करायची असेल तर तांब्याची तार पकडीत धरून ज्योतीत लाल होईपर्यंत तापवा, ज्योतीचा हिरवा रंग गेला की गरम तार प्लास्टिकला टेकवून परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली म्हणजे क्लोरीन आहे, म्हणजे बहुधा पीव्हीसीच. हे मोकळ्या हवेत करा, धूर वाईट असतो (आणि नाणं आधी बाहेर काढा, मी एकदा विसरणार होतो).

नाणं आधीच चिकट झालं असेल तर काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोन घेऊन त्यात बुडवून ठेवा, घासू नका, काढून आपोआप वाळू द्या. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात वास आणि तेलं मिसळलेली असतात. ॲसिटोन लगेच पेट घेतं, त्यामुळे तारेची टेस्ट आणि हे काम एका वेळी अजिबात नको. चिकटपणा जाईल, पण धातूला पडलेले खड्डे मात्र भरून येत नाहीत.

पायरी 2: होल्डर निवडा
साध्या नाण्यांना मायलरची (पीव्हीसी नसलेल्या पातळ पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मची) खिडकी असलेले पुठ्ठ्याचे होल्डर पुरतात, स्वस्त असतात आणि वर लिहिताही येतं. होल्डर बंद करायला स्टेपलरची पिन मारल्यावर तिची टोकं पकडीनं चपटी करा, नाहीतर शेजारच्या होल्डरमधल्या नाण्याला ओरखडा पडतो. नाणं काढताना आधी पिना काढा, मग होल्डर उघडा. घाईत ओढून काढलं की पिन थेट नाण्यावरून जाते!

चांगल्या नाण्यांना कडक कॅप्सूल (एका नाण्यापुरती गोल पारदर्शक प्लास्टिकची डबी), पण व्यास मिलीमीटरमध्ये मोजूनच घ्या, सैल कॅप्सूलमध्ये नाणं खुळखुळतं आणि कडा झिजतात.

पायरी 3: पेटी
रबर बँड, वर्तमानपत्राचा कागद, लोकरीचं कापड, यातून गंधक सुटतं आणि चांदी काळी पडते. प्लायवूड किंवा एमडीएफच्या (लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीच्या) खणातून आम्लाची वाफ येते, त्यापेक्षा रंग पक्का वाळलेली पत्र्याची पेटी बरी. तिजोरी घेणार असाल तर एक लक्षात ठेवा, आगीपासून वाचवणाऱ्या बऱ्याच तिजोऱ्यांच्या भिंतीत ओलावा धरून ठेवणारं मटेरियल असतं, त्यामुळे आत दमट होतं.

पायरी 4: ओलावा
छोटा हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजणारं यंत्र) ठेवा, आकडा 40 टक्क्यांच्या आसपास असला की छान, 50 च्या वर नको. सिलिका जेलच्या पुड्या टाका, पण त्या कायम चालत नाहीत, नारिंगी दाणे हिरवट झाले की दाणे ओव्हनला चालणाऱ्या भांड्यात काढून साधारण 110 ते 120 अंशांवर दोनेक तास वाळवायचे. बाथरूमलगतची भिंत आणि पोटमाळा टाळा.

पायरी 5: हाताळणी
नाणं कडेनं धरा, खाली मऊ कापड पसरा. आणि चमकवायच्या नादाला लागू नका, पॉलिश केलेलं नाणं जाणकार बघता क्षणी ओळखतो आणि भाव पाडतो.

दर दोन-तीन महिन्यांनी एक नजर टाका. तांब्याच्या किंवा ब्राँझच्या नाण्यावर फिकट हिरवी, खडूसारखी भुकटी दिसली तर तो साधा जुनेपणाचा रंग नसतो, क्षारांमुळे धातू आतून खराब होतोय. ते नाणं लगेच वेगळ्या कोरड्या डबीत काढा, मग बाकीचे होल्डर एकेक करून उजेडात धरून बघा.