त्रिनिदादला नव्याने येणाऱ्यांसाठी: इथल्या राष्ट्रध्वजाविषयी

त्रिनिदाद आणि टोबॅगोमध्ये राहायला येणाऱ्या मराठी मंडळींना मी घर, बँक आणि वाहन परवान्याच्या बरोबरीने इथला राष्ट्रध्वज समजून घ्यायला आवर्जून सांगतो, कारण या समाजाने स्वतःविषयी काय ठरवले आहे ते त्यात नेमके उतरले आहे.

ध्वजाची रचना साधी आहे. लाल कापडावर काठीकडच्या वरच्या कोपऱ्यातून समोरच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत एक काळा पट्टा तिरपा उतरतो आणि त्याच्या दोन्ही कडांना पांढऱ्या अरुंद पट्ट्या असतात. मुलांना शाळेसाठी चित्र काढून देताना हा उतार उलटा होणार नाही, याकडे लक्ष द्यावे.

काळा रंग आफ्रिकी वंशाच्या लोकांचा आणि पांढरा युरोपीयांचा, असा अर्थ नवीन माणूस सहज लावतो; तो चुकीचा आहे. अधिकृत अर्थानुसार लाल म्हणजे अग्नी, पांढरा म्हणजे जल आणि काळा म्हणजे भूमी. लाल रंगात सूर्याची ऊब, लोकांचे धैर्य आणि स्नेह आहे. काळ्यात एका बळकट बंधाने जोडलेल्या लोकांची निष्ठा आणि भूमीची संपत्ती आहे. तर पांढऱ्यात या बेटांना वेढणारा समुद्र आणि सूर्याखाली सर्व माणसे समान असल्याची ग्वाही आहे. २०११ च्या जनगणनेत भारतीय वंशाचे सुमारे ३५ टक्के आणि आफ्रिकी वंशाचे सुमारे ३४ टक्के लोक नोंदले गेले. अशा देशाने कोणत्याही वंशाला स्वतंत्र रंग दिला नाही, हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

ध्वजाच्या रचनेचे श्रेय चिनी वंशाचे चित्रकार कार्लाइल चँग यांना दिले जाते. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी स्वातंत्र्य मिळाले, तेव्हा राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमधील रेड हाउस या संसद भवनासमोर ब्रिटिश ध्वज उतरवून हा ध्वज चढवण्यात आला. १९७६ मध्ये देश प्रजासत्ताक झाला, तरी ध्वज तोच राहिला.

हिंदू घरांच्या अंगणात बांबूवर लावलेली रंगीत निशाणेही आपल्याला दिसतील. त्यांना इथे झंडी म्हणतात. ती पूजेनंतर उभारली जातात आणि मारुतीची झंडी लाल असते. तिचा राष्ट्रध्वजाशी संबंध नाही. शेजाऱ्यांना तिच्याविषयी आदराने विचारल्यास ते आपुलकीने सांगतात, आणि पुष्कळदा पुढच्या पूजेचे आमंत्रणही देतात.