ठशाचं कापड ओळखायचं कसं: संग्रहालयातले जुने नमुने पाहताना

हाताने लाकडी ठसे मारलेलं जुनं कापड आणि वॉलपेपर नीट पाहायला मराठवाडा सोडावा लागत नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात दोन्ही प्रकार आहेत. ऑक्सफर्डच्या अॅशमोलियनमध्ये इजिप्तमध्ये सापडलेले भारतीय छापील कापडाचे हजारावर तुकडे आहेत. दोन्ही संग्रह त्यांच्या संकेतस्थळांवर घरबसल्या फुकट पाहता येतात.

शोध इंग्रजी स्पेलिंगनेच घ्या. छत्रपती संभाजीनगर टाकून फारसं काही हाती लागणार नाही, कारण नोंदी जुन्या नावांनी आहेत. औरंगाबाद, हैदराबाद आणि डेक्कन ही तिन्ही नावं टाकून पाहा. 1948 पर्यंत आपला भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे इकडची वस्तू हैदराबादच्या नावावर असू शकते. मात्र औरंगाबाद म्हटलं की हिमरूही समोर येतो. तो विणलेला असतो, छापलेला नव्हे. उलट्या बाजूचा फोटो असेल तर आधी तो उघडा. मोकळे धागे लोंबत असतील तर विणकाम. तीच नक्षी फिकट उमटलेली असेल तर छपाई.

आता ठशाची खूण. फोटो लगेच मोठा करू नका. आधी अख्खं कापड पाहून एकच फूल पुन्हा कुठे येतं ते शोधा आणि दोन्हींमधलं अंतर मोजा. भारतीय ठसा एका हाताने उचलायचा असतो, त्यामुळे तो बहुधा वीतभरच असतो. मग फोटो मोठा करून त्या फुलाची एखादी खोड पकडा: तुटलेली पाकळी, देठाला पडलेली खाच. तीच खोड पुढच्या प्रत्येक फुलात त्याच जागी दिसली तर लाकडाचा टवका उडालेला आहे. एकाच फुलात दिसली तर त्या वेळी रंग कमी पडला किंवा हात हलला. खोड दर वेळी तीच, पण दोन ठशांमधला सांधा कुठे एकमेकांवर चढलेला, कुठे फटीचा असेल, तर काम हाताच्या ठशाचं आहे असं बेलाशक समजा. कलमाने काढलेल्या कापडात दोन फुलं तंतोतंत सारखी येत नाहीत. तांब्याच्या रोलरवर, म्हणजे 1783 च्या पेटंटनंतरच्या यंत्रावर, सांधा हलत नाही आणि रेषा केसासारखी बारीक येते.

बाह्यरेषेचा, भरणीचा आणि जमिनीचा, म्हणजे नक्षीमागच्या रंगाचा, ठसा वेगवेगळा असतो. लाल रंग रेषेबाहेर सरकलेला दिसला तर तो दुसऱ्या ठशाचा आहे. काळ्या रेषेच्या जागी भोकं पडलेली असतील तर ती कसरीची करणी समजू नका. काळ्यासाठी लोखंडाचं पाणी वापरतात आणि ते वर्षानुवर्षं सुताला खात राहतं. तुरटीवर चढवलेला लाल त्याच कापडात शाबूत राहतो.

वॉलपेपरची तपासणी वेगळी. ठशाने छापलेला रंग दाट असतो आणि आकाराच्या कडेला त्याची बारीक वरंबी उठते. बाजूने उजेड टाकलेला फोटो असेल तर ती दिसते. यंत्राचा रंग पातळ आणि सपाट असतो. इंग्लंडचा कागद असेल तर मागची बाजूही पाहा: तिथे 1712 ते 1836 वॉलपेपरवर कर होता आणि पाठीवर सरकारी शिक्का मारला जाई. साधारण 1830 च्या आधीचा कागद सुटे ताव चिकटवून केलेला असल्याने आडवे जोडही दिसतात. इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिसचा 'ट्रेलिस' हा 1864 चा कागद ठशानेच छापला आहे. त्याचा 1883 चा 'स्ट्रॉबेरी थीफ' मात्र सुती कापड आहे. निळीत बुडवून, नको तिथला रंग उडवून केलेलं. सध्या त्याचे वॉलपेपरही विकतात, म्हणून घोटाळा होतो.

प्रत्यक्ष जायचं तर अहमदाबादचं कॅलिको म्युझियम आणि जयपूरजवळच्या आमेरचं अनोखी म्युझियम. कॅलिकोला आगाऊ नोंदणी करा. अनोखीत ठसा कोरताना आणि मारताना पाहता येतो, म्हणून नवख्याने आधी तिथे जावं. सोबत दहापट भिंग आणि पेन्सिल न्या. पेन नको, शाईचा डाग जात नाही. फ्लॅशही नको. कापडाच्या दालनात उजेड साधारण 50 लक्सच ठेवतात, तेव्हा आत गेल्यावर डोळे सरावेपर्यंत पाच मिनिटं थांबा. काळा आणि गडद निळा यातला फरक त्याआधी कळत नाही.