फुटपाथचं काम आणि पर्यावरण तपासणी: या चुका टाळा

फुटपाथच्या फाइलमध्ये ‘पर्यावरणावरील परिणाम’ असा एक रकाना असतो. दहापैकी नऊ फाइलींत त्यापुढे ‘निरंक’ लिहिलेलं मी पाहिलं आहे. लिहिणाऱ्याचं म्हणणं असं, की काम छोटं आहे आणि त्याला पर्यावरण मंजुरी लागत नाही. मंजुरीपुरतं ते खरंच आहे. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या अनुसूचीत गावातला फुटपाथ कुठेच बसत नाही. पण मंजुरी लागत नाही म्हणजे दुसरं कुणी तपासायला येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. तपासायचं ते आपणच, आणि तेही अंदाजपत्रक करण्याआधी.

‘छोटं काम’ म्हणजे केवढं, तेही मांडून बघा. रस्ता ६०० मीटर, दोन्ही बाजूंना १.८ मीटरचा फुटपाथ. क्षेत्रफळ झालं २,१६० चौरस मीटर. सरासरी ३०० मिलिमीटर खोदलं तर साधारण ६५० घनमीटर माती आणि राडारोडा निघतो, वजनात हजार टनांच्या आसपास. आणि याच जागेवर तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर एक लाख आठ हजार लिटर पाणी होतं. आधी त्यातलं थोडंफार जमिनीत मुरत होतं. आता ते कुठे जाणार, हे फाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं.

झाड नकाशावर गोल काढून दाखवणं

या चुकीबद्दल मी सगळ्यात जास्त बोलतो, कारण तिचं फळ मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

एका तालुक्याच्या गावात एस.टी. स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्याचं काम होतं आणि मी देखरेखीला होतो. रस्त्याला जुने रेनट्री, मध्ये दोन-चार करंज, एक कडुनिंब. नकाशावर सगळी झाडं एकाच मापाच्या हिरव्या गोलांनी दाखवलेली. कर्बची, म्हणजे फुटपाथच्या कडेला बसवायच्या दगडांची, रेघ त्या गोलांना अगदी खेटून सरळ गेलेली. कागदावर सुरेख दिसत होतं. कार्यारंभ आदेश जानेवारीच्या अखेरीस निघाला आणि मार्चअखेर बिल काढायचं होतं, म्हणून ठेकेदाराने कर्बच्या चरासाठी थेट जेसीबी लावला. मी सकाळी अकराला पोचलो तोवर सात झाडांपाशी दीड फूट खोल चर झाला होता, बुंध्यापासून जेमतेम दोन फुटांवर.

चरात उतरून पाहिलं. मनगटाएवढी मुळं बकेटच्या दातांनी ओढून तोडलेली. कापलेली नाहीत, ओढलेली, त्यामुळे टोकाला काथ्यासारखे धागे लोंबत होते आणि सालीचा पट्टा बुंध्याच्या दिशेने हातभर सोलून गेला होता. आतलं लाकूड पांढरंशुभ्र, ओलं. मुकादम म्हणाला, “साहेब, मुळी आडवी येत होती, मारली.” त्याची चूक नव्हती. मुळी मारायची नाही असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं आणि नकाशात मुळी नव्हतीच. मी काम थांबवायचं पत्र दिलं. वरून उत्तर आलं, की झाड तोडलेलं नाही, तर परवानगीचा प्रश्न येत नाही. चर भरला, वर काँक्रीट पडलं, कर्ब बसला.

पुढच्या जुलैत सलग दोन दिवस पाऊस झाला आणि पहाटे त्यातला एक रेनट्री आतल्या बाजूच्या पानटपरीवर पडला. टपरी बंद होती म्हणून माणूस वाचला. टपरी गेली, विजेची तार गेली, अर्धं गाव दुपारपर्यंत अंधारात. ‘वादळाने पडलं’ असा पंचनामा झाला. त्या रात्री वारा नव्हता. झाडाचा कल टपरीकडे होता आणि त्याला मागून ओढून धरणारी मुळं रस्त्याच्या बाजूला होती, म्हणजे नेमकी आपण तोडलेली. उलथलेल्या बुडख्याच्या त्या बाजूला एकही लांब मूळ नव्हतं. दोन फुटांवर सगळी एका रेषेत संपली होती आणि टोकं काळी, कुजलेली. टपरीवाल्या काकांनी मला तिथेच विचारलं, “साहेब, तुम्ही होतात ना कामावर?” त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी लिहिलेलं पत्र त्यांच्या काय कामाचं?

आता ‘तोडलेलं नाही’ या उत्तराबद्दल. महाराष्ट्राचा १९७५ चा नागरी क्षेत्रांसाठीचा झाडांचं संरक्षण व जतन अधिनियम उघडून बघा. ‘झाड तोडणे’ याच्या व्याख्येत झाड जाळणं, कापणं आणि कोणत्याही प्रकारे त्याला इजा करणं हे सगळं येतं. मुळं तोडणं ही इजाच. कर्बची रेघ मुळांतून जाणार असेल तर ते प्रकरण वृक्ष प्राधिकरणाकडे जायला हवं, वृक्ष अधिकाऱ्याने पाहणी करायला हवी. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं वा त्याहून जास्त वयाचं झाड ‘वारसा वृक्ष’ ठरतं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात. तरीही अजून फाइलींत ‘३ झाडे बाधित, बदल्यात ९ रोपे’ असं बिनदिक्कत लिहून येतं. चाळीस वर्षांच्या एका झाडामागे चाळीस रोपं होतात, आणि ती लावायची जागा फाइल पुढे जाण्याआधी दाखवावी लागते.

माझी पद्धत सांगतो. पुस्तकी नाही, पण त्या पावसाळ्यापासून मोडलेली नाही. प्रत्येक झाडापाशी स्वतः उभं राहायचं. जमिनीपासून साडेचार फुटांवर बुंध्याचा घेर मोजायचा. जात, कल कुठल्या बाजूला, नियोजित कर्बपासून अंतर, ढोली आहे का, एवढं वहीत लिहायचं आणि बुंध्याचा फोटो काढायचा. एका झाडाला दहा मिनिटं लागतात. अन्न-पाणी ओढणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि झाडाच्या सावलीच्या बाहेरपर्यंत पसरलेली असतात, हे डोक्यात ठेवून मग कर्बची रेघ ठरवायची. काम सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी मी प्रत्येक बुंध्याभोवती चुन्याची फक्की मारून घेतो. त्या रिंगणात जेसीबी नाही, फक्त कुदळ, पहार आणि हात. अंगठ्यापेक्षा जाड मूळ दिसलं की थांबायचं आणि मला बोलवायचं. रेघ झाडापाशी वळवावी लागली तर वळवायची. फुटपाथ तिथे अरुंद होत असेल तर जागा पार्किंगच्या पट्टीतून घ्यायची.

आणि बुंध्याला गळफास लावू नका. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपण अजून पेव्हर ब्लॉक सालीला टेकवतो आणि फट राहिली तर तिच्यात सिमेंट भरतो. चारी बाजूंना किमान एक मीटर उघडी माती ठेवा. त्याच्या पलीकडेही मुळं असतील तिथे ब्लॉकखाली काँक्रीटचा थर न देता वाळूवर बसवा.

फेब्रुवारीत पाहणी करून पाण्याचा उतार ठरवणं

ही दुसरी. फेब्रुवारीत सगळे रस्ते कोरडे आणि सगळे उतार बरोबर दिसतात.

एका बाजारपेठेत जुना फुटपाथ न उखडता त्यावरच नवा चढवला. खोदाई वाचली, राडारोडा वाचला, ठेकेदार खूश. पातळी वीत-पाऊण वीत वर गेली आणि बऱ्याच दुकानांचे उंबरे फुटपाथपेक्षा खाली राहिले. काम चालू असताना तिथल्या एका आजींनी इंजिनिअरला हाक मारून सांगितलं होतं, “बाळा, आषाढात वरच्या आळीचं सगळं पाणी इथनं येतं. त्या गिरणीपाशी मोरी आहे, ती बुजवू नको.” मोरी नकाशात नव्हती. पोरगा नवा होता, त्याला वाटलं आजी जुन्या काळाच्या गोष्टी सांगतायत. मोरीचं तोंड कर्बखाली गेलं. आषाढात पाणी आलं, मोरी सापडली नाही आणि ते उंबरे ओलांडून आत शिरलं. किराणा दुकानात मी गेलो तेव्हा ज्वारीच्या पोत्यांवर गुडघ्याच्या खाली चिखलाची सरळ रेघ उमटलेली होती आणि आंबूस वास सुटला होता. नव्वद मीटर नवं काम फोडून मोरी मोकळी करावी लागली.

तेव्हापासून पाहणीत मी घराघरात एकच प्रश्न विचारतो: पाणी घोट्याएवढं येतं की गुडघाभर? लोक हाताने दाखवतात, मी तिथल्या भिंतीवर खडूने खूण करतो आणि पातळी घेताना ती खूणही घेतो. गुगल अर्थवरून हे कळत नाही. तिथे झाडाचा शेंडा दिसतो, बुंधा दिसत नाही. रस्ता दिसतो, मोरी दिसत नाही. घरबसल्या अहवाल भरणाऱ्या नव्या मंडळींचा मला राग येतो तो यासाठी. एक पावसाळी फेरी छत्री घेऊन चाला, निम्मा अहवाल तिथेच लिहून होतो.

पातळीचा नियम साधा ठेवा. फुटपाथचा माथा जवळच्या सगळ्यात खालच्या उंबऱ्याच्या खाली राहिला पाहिजे. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी मार्गदर्शिकेत (आयआरसी १०३) कर्बची उंची १५० मिलिमीटरच्या वर जाऊ नये असं आहे. ते म्हाताऱ्या माणसांसाठी आणि व्हीलचेअरसाठी आहेच, पाण्यासाठीही उपयोगाचं आहे. उंचीला लगाम बसला की जुनं उखडावंच लागतं. १.८ मीटर रुंदीत रस्त्याच्या बाजूला ३५-४० मिलिमीटर उतार द्या. उताराच्या तळाशी कर्बमध्ये पाणी जायची तोंडं ठेवा आणि ती कुठल्या चेंबरला मिळतात हे झाकण उघडून बघा. चेंबर आहे पण पुढे पाइपच नाही, असं मला दोनदा सापडलं आहे.

बाकीच्या, थोडक्यात

जुना अहवाल उचलून नाव बदलणं: मी एका फुटपाथच्या अहवालात ‘तलावातील मत्स्यजीवन’ वाचलं आहे. गावात तलाव नव्हता.

राडारोडा ओढ्याकाठी टाकणं. ‘भरावाला उपयोगी पडेल’ हे ठरलेलं उत्तर. पावसाळ्यात तोच भराव खालच्या पुलाच्या कमानीत अडकतो. बांधकाम कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत दिवसाला २० टन किंवा महिन्याला एका प्रकल्पामागे ३०० टनांच्या वर कचरा करणाऱ्यावर वर्गीकरणाची आणि व्यवस्थापन आराखड्याची जबाबदारी होती. वर मांडलेला ६०० मीटरचा ‘छोटा’ फुटपाथ महिन्यात खोदला तर ती मर्यादा सहज ओलांडतो. राडारोडा कुठे जाणार ते ठिकाण आणि वाहतुकीचा दर अंदाजपत्रकातच धरा. तो दर धरला नाही की ट्रॅक्टर रात्री ओढ्याकडेच वळतो. ट्रॉलीचा रिकामी केल्याचा फोटो नसेल तर ती ट्रॉली मोजमाप पुस्तकात (ज्यावरून ठेकेदाराचं बिल निघतं) घ्यायची नाही, हा माझा शिरस्ता.

पेव्हर ब्लॉक कोरडे कापणं. पांढरी धूळ उडते ती साधी धूळ नाही, त्यात फुप्फुसं खराब करणारी सिलिका असते आणि कापणारा पोरगा तोंडाला रुमाल बांधून दिवसभर ती ओढतो. कटरवर पाण्याची धार धरा.

मिक्सर धुतलेलं पाणी झाडाच्या आळ्यात सोडणं. सिमेंटचं पाणी जबरदस्त अल्कधर्मी असतं. आळं काय, जवळची मातीही जाते. एक खड्डा करून त्यात प्लॅस्टिक टाका, पाणी तिथे निवळू द्या.

रात्री ब्रेकर चालवणं. ध्वनी नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ निवासी भागात आणि शांतता क्षेत्रात आवाज करणारी बांधकाम यंत्रं बंद. दवाखाना वा शाळेभोवतीचा किमान १०० मीटरचा भाग सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं, तसं जाहीर झालं आहे का ते बघा. ‘रात्री वाहतूक नसते’ ही सबब चालत नाही.

पूररेषा न बघणं. फुटपाथ नदीकडे जात असेल तर निळ्या (वरचेवर येणाऱ्या पुराच्या) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या) रेषेचा नकाशा पाटबंधारे विभागाकडून आधी मागवा. कोकणातल्या गावांत सीआरझेडचाही, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचाही.

मे-जूनमध्ये फांद्या छाटणं. कावळ्यांची घरटी तेव्हाच असतात, थोड्या दिवसांनी त्याच रेनट्रीवर बगळे येतात. छाटायचंच असेल तर हिवाळ्यात, आणि दुर्बीण नसली तरी पाच मिनिटं मान वर करून बघून.

काम झाल्यावर न जाणं

अंतिम बिल निघालं की फाइल कपाटात जाते. मी पहिल्या मोठ्या पावसाला परत जातो, त्याच वहीसकट. प्रत्येक झाडापाशी थांबतो, बुंध्याशी जमिनीला भेग पडली आहे का ते पाहतो, कल वाढला असेल तर जुना फोटो काढून शेजारी धरतो. खडूची खूण पुसली गेली नसेल तर पाणी तिच्यापर्यंत आलं का ते बघतो. दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातल्या दोषांना ठेकेदार जबाबदार असतो ती मुदत, चालू असतो तोवर ठेकेदाराकडून दुरुस्ती करून घेता येते. त्याच्यानंतर तेच काम पालिकेच्या पैशाने करावं लागतं. मागच्या खेपेला अशाच फेरीत कर्बची तीन तोंडं पालापाचोळ्याने तुंबलेली सापडली. मुकादमाला फोन केला, तो दुपारी पहार घेऊन आला आणि संध्याकाळच्या सरीच्या आत ती मोकळी झाली.