बँकेत आलेले पैसे कुठल्या बिलांचे? जुळणी मशीन लर्निंगने कशी लावावी

टॅलीत (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) एखाद्या जुन्या पार्टीची, म्हणजे ग्राहकाची, बिलवार येणी उघडून बघा. दहा-पंधरा बिलं उघडी दिसतील आणि खाली ‘ऑन अकाउंट’ या नावाने दोन-चार लाख रुपये लोंबकळत असतील. पैसे आलेत, पण ते कुठल्या बिलांपोटी आले हे कुणी ठरवलेलं नाही. मग वसुलीवाला आधीच भरलेल्या बिलासाठी फोन करतो, पार्टी चिडते आणि खरोखर थकलेलं बिल तसंच राहतं. महिन्याला पन्नासएक पावत्या (म्हणजे बँकेत आलेल्या रकमांच्या नोंदी) असतील, तर एक चांगला अकाउंटंट आणि एक्सेल पुरतं. पुढचं वाचायचीही गरज नाही. पावत्या शेकड्यांत जातात आणि जुळणी करायला दोन माणसं बसवावी लागतात, तिथे यंत्राची मदत घेण्यात अर्थ आहे.

उदाहरण म्हणून भोसरी-चाकणकडचा सुट्या भागांचा एक पुरवठादार धरू. ग्राहक दीड-दोनशे, बिलं १८ टक्के जीएसटीची, पैसे बहुतेक एनईएफटी-आरटीजीएसने, थोडे यूपीआयने, आणि अजूनही काही चेक.

आधी सोपं ते नियमांनी उरका

नॅरेशनमध्ये (बँक स्टेटमेंटमधल्या वर्णनात) पूर्ण बिल नंबर आहे, रक्कम तंतोतंत तेवढीच आहे आणि पार्टीही ओळखीची आहे, अशा पावत्यांना मॉडेल (जुन्या नोंदींवरून शिकून अंदाज बांधणारा प्रोग्राम) लागत नाही. साधा नियम लिहा आणि त्या बाजूला काढा. एकाच पार्टीचं त्या रकमेचं एकच बिल उघडं असेल, तर तेही नियमातच बसवा. मशीन लर्निंग उरलेल्या गाळासाठी ठेवायचं. नियमांनी किती पावत्या सुटतात हे मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. सगळ्याच गोष्टी मॉडेलवर टाकल्या, तर सोप्या पावत्यांमुळे त्याचे गुण फुगतात आणि अवघड ठिकाणी ते किती कच्चं आहे हे झाकलं जातं.

जुना हिशोब गोळा करा, पण त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका

तीन गोष्टी लागतात: दोनेक वर्षांचं बँक स्टेटमेंट, त्या काळातली सगळी बिलं (करपात्र रक्कम आणि जीएसटी वेगवेगळे), आणि कुठली पावती कुठल्या बिलांना ‘अगेन्स्ट रेफ’ (त्या बिलापोटी म्हणून) लावली होती ती नोंद. तिसरी गोष्ट म्हणजेच मॉडेलची उत्तरपत्रिका.

खरी अडचण इथेच आहे. पैसे कशाचे ते कळलं नाही की पुष्कळ ऑफिसांत रक्कम सरळ सर्वांत जुन्या बिलांवर ढकलली जाते. हिशोब जुळतो, ऑडिटही पार पडतं, पण ते उत्तर ग्राहकाच्या मनातलं नसतं. असा डेटा दिला, तर मॉडेल फक्त ‘जुनं बिल आधी’ एवढंच शिकेल आणि ते तर एका ओळीच्या फॉर्म्युल्यात होतं. म्हणून शिकवण्यासाठी खात्रीच्या नोंदीच निवडा: ज्यांचा पेमेंट अ‍ॅडव्हाइस (पैसे कुठल्या बिलांचे हे सांगणारा ग्राहकाचा कागद) मेलवर आला होता, ज्यांची बेरीज कपातीसकट पैशापर्यंत जुळते, किंवा ज्यांचं पार्टीशी लेजर कन्फर्मेशन (दोघांच्या खात्यांची पडताळणी) झालं आहे. हजारभर पक्क्या नोंदी वीस हजार संशयास्पद नोंदींपेक्षा जास्त कामाच्या.

आणखी एक काळजी घ्या. जुनी पावती शिकवायला घेताना त्या तारखेला जी बिलं उघडी होती, तीच समोर ठेवायची. आजच्या यादीतून पाहिलं, तर पुढे घडलेल्या गोष्टी नकळत आत शिरतात. चाचणीत सगळं झकास दिसतं आणि प्रत्यक्षात मॉडेल आपटतं.

पैसे कुणाचे, हे आधी ठरवा

बँक नाव अर्धवट तोडते. ‘अबक इंजिनिअरिंग वर्क्स प्रायव्हेट लिमिटेड’चं ‘अबक इंजिनिअ’ होतं. कधी पैसे पार्टीच्या दुसऱ्याच फर्मच्या खात्यातून येतात, कधी मालकाच्या बचत खात्यातून यूपीआयने. म्हणून एक टोपणनावांचा तक्ता ठेवा: बँकेत दिसणारं नाव, पाठवणाऱ्याचा आयएफएससी, यूपीआय आयडी आणि त्यासमोर आपल्या लेजरचं नाव. अक्षरांचं साम्य मोजायला पायथनमध्ये रॅपिडफझ ही लायब्ररी आहे. मात्र मोजण्याआधी ‘प्रायव्हेट’, ‘लिमिटेड’, ‘एंटरप्रायझेस’, ‘ट्रेडर्स’ हे शब्द काढून टाका, नाहीतर निम्मं गाव एकमेकांसारखं दिसायला लागतं.

नॅरेशनमधून यूटीआरही (बँकेचा व्यवहार क्रमांक) आधी वेगळा करा. एनईएफटीचा यूटीआर १६ अक्षरी, आरटीजीएसचा २२ अक्षरी आणि यूपीआयचा संदर्भ क्रमांक १२ अंकी असतो. त्या लांबलचक आकड्यात तुमचा ०८१७ बिल नंबर कधीतरी योगायोगाने सापडतोच. जीएसटी नियमांप्रमाणे बिल क्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असतो, पण ग्राहक त्यातले शेवटचे तीन-चार आकडेच लिहितो. त्यामुळे शोध त्या शेपटाचा घ्यायचा.

तुमची बँक प्रत्येक ग्राहकाला वेगळा व्हर्च्युअल खाते क्रमांक देत असेल, तर तो घ्या. पैसे कुणाचे, हा प्रश्नच संपतो. मॉडेलवर महिनाभर खपण्याआधी बँकेच्या मॅनेजरला एक फोन करून बघायला हरकत नाही.

शक्यता मांडा

आलेली रक्कम कुठल्या बिलांची मिळून असू शकते हे बघायला आता त्या पार्टीच्या उघड्या बिलांचे गट करायचे. वीस बिलं उघडी असतील, तर गट दहा लाखांहून जास्त होतात. तीस असतील, तर १०७ कोटींहून जास्त. सगळे तपासण्याच्या भानगडीत पडू नका. एकेकटी बिलं, नॅरेशनमध्ये ज्यांचा नंबर दिसतो ती बिलं, सलग नंबरांचे किंवा एकाच महिन्याचे गट, आणि पाच-सहा बिलांपर्यंतचे असे गट ज्यांची बेरीज आलेल्या रकमेपेक्षा जरा जास्त आहे, एवढं पुरतं. किती जास्त चालेल ते तुमच्या धंद्यातल्या कपातीवर ठरवा. माल विकणाऱ्याला तीनेक टक्के पुष्कळ झाले. व्यावसायिक सेवेच्या बिलावर १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा प्राप्तिकर) कापला जातो, तिथे पट्टा मोठा ठेवावा लागतो.

फीचर (मॉडेलला द्यायची आकडेवारी): सगळी मेहनत इथे करा

माझ्या मते या कामात अल्गोरिदमला फुकटचं महत्त्व दिलं जातं. आपले ग्राहक पैसे का कमी पाठवतात हे आकड्यात मांडता आलं, की साधं मॉडेलही चालतं.

एक पावती जवळून बघू. बँकेत २,३८,१५५ रुपये आले, नॅरेशन ‘अबक इंजिनिअ ८१७’. या पार्टीची तीन बिलं उघडी आहेत:

- ०८१७: करपात्र १,२०,०००, जीएसटी धरून १,४१,६००
- ०८२९: करपात्र ८५,०००, जीएसटी धरून १,००,३००
- ०८४१: करपात्र ६०,०००, जीएसटी धरून ७०,८००

एकटं ०८१७ घेतलं तर पैसे फारच जास्त होतात. तिन्ही घेतली तर ७४ हजारांहून अधिक कमी पडतात. ०८१७ आणि ०८२९ मिळून २,४१,९०० होतात, म्हणजे ३,७४५ रुपये कमी. हा फरक कसला? पार्टी मोठी आहे आणि आपल्याकडची तिची वर्षाची खरेदी ५० लाखांपुढे गेली आहे, त्यामुळे ती ०.१ टक्का टीडीएस कापते (ज्याला सगळे १९४ क्यू म्हणून ओळखतात). तो जीएसटी सोडून करपात्र रकमेवर लागतो: २,०५,००० वर २०५ रुपये. उरले ३,५४०. गेल्या आठवड्यात तीन हजारांचा माल रिजेक्ट झाला होता. १८ टक्के जीएसटी धरून त्याची डेबिट नोट (बिलातून वजा करायच्या रकमेची चिठ्ठी) बरोबर ३,५४० रुपयांची. हिशोब पैशापर्यंत लागला.

अकाउंटंट जे मनात करतो, तेच प्रत्येक गटासाठी कॉलमांत मांडायचं: बेरीज आणि पावती यांतला फरक, टीडीएस वजा जाता उरलेला फरक, तो एखाद्या उघड्या डेबिट नोटेइतका आहे का, बिल नंबराचं शेपूट नॅरेशनमध्ये आहे का, गटातलं सर्वांत जुनं बिल किती दिवसांचं आहे आणि ही पार्टी साधारण किती दिवसांनी पैसे देते, गटातली बिलं सलग आहेत का, मधलंच एखादं वगळलंय का. टीडीएसचा दर पार्टीप्रमाणे मास्टरमध्ये (पार्टीच्या माहितीच्या तक्त्यात) लिहून ठेवा. जॉबवर्कच्या बिलांवर १ किंवा २ टक्के कापणारे ग्राहक वेगळे, मालावर कापणारे वेगळे.

शेवटचा रुपया ‘राउंड ऑफ’ करणाऱ्या पार्ट्या असतात, त्यांच्यासाठी रुपया-दोन रुपयांची सूट ठेवा.

मॉडेल

एका पावतीचे सगळे गट एकाखाली एक लिहा. खऱ्या गटासमोर १, बाकीच्यांसमोर ०. सायकिट-लर्न या पायथनच्या लायब्ररीतलं लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे शक्यता काढणारं साधं मॉडेल, आधी चालवून बघा. नंतर लाइटजीबीएम किंवा एक्सजीबूस्ट, ही जास्त गुंतागुंतीची मॉडेलं. दुसऱ्याने फारसा फरक पडला नाही, तर पहिलंच ठेवा. ऑडिटरला समजावून सांगता येतं.

चाचणीचा डेटा काढताना पत्ते पिसू नका. डिसेंबरपर्यंतच्या पावत्यांवर शिकवा आणि जानेवारी ते मार्चवर तपासा. मार्चअखेरची गर्दी त्यात येते, म्हणजे परीक्षा कडकच होते.

चॅटबॉटसारखी मोठी भाषिक मॉडेलं इथे कुठे वापरावीत? मेलला जोडून आलेल्या वेड्यावाकड्या पीडीएफ अ‍ॅडव्हाइसमधून बिल नंबर आणि रकमा उचलायला ती उत्तम आहेत. बेरीज-वजाबाकी आणि अंतिम जुळणी त्यांच्यावर सोपवू नका. ग्राहकांची खाती आणि रकमा कुठल्या तरी फुकटच्या वेबसाइटवर चिकटवू तर नकाच.

तीन टोपल्या

इव्हान फेलेगी आणि अ‍ॅलन संटर या कॅनडातल्या संख्याशास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये नोंदी जुळवण्याचा जो सिद्धांत मांडला, त्यात निर्णय तीन आहेत: जुळलं, जुळलं नाही, आणि माणसाने बघावं. आपल्यालाही हेच हवं. मॉडेल प्रत्येक गटाला शक्यता देतं. पहिला गट फार वर आणि दुसरा खूप खाली असेल, तर पावती आपोआप लागू द्या. दोघे जवळजवळ असतील, तर दोन्ही पर्याय अकाउंटंटपुढे ठेवा, फरकाच्या फोडीसकट. काहीच जमत नसेल, तर पार्टीला मेल.

सीमारेषा कुठे आखायची, हा धंद्याचा प्रश्न आहे, गणिताचा नाही. न लागलेली पावती माणसाची पाच मिनिटं खाते. चुकीची लागलेली पावती तीन महिन्यांनी कन्फर्मेशनच्या वेळी वर येते आणि तेव्हा सगळी साखळी उलगडावी लागते. म्हणून सुरुवातीला रेषा खूप वर ठेवा. आपोआप लागलेल्या शंभरांत एखादीच चूक चालेल असं ठरवा आणि त्यासाठी निम्म्याच पावत्या आपोआप लागल्या तरी खुशाल मान्य करा. गुण मोजताना पावत्यांची संख्या आणि रुपये दोन्ही बघा. पाच लाखांची एक चूक पाचशे रुपयांच्या वीस चुकांना भारी पडते.

एका जागी मात्र मॉडेलला मत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५९ ते ६१ मध्ये हे स्पष्ट आहे: देणेकऱ्याने पैसे अमुक देण्यापोटी म्हणून दिले आणि आपण ते स्वीकारले, तर ते तिथेच लावायचे. त्याने सांगितलं नाही आणि परिस्थितीवरूनही ते कळत नसेल, तर घेणेकऱ्याला निवड आहे. दोघांनीही ठरवलं नाही, तर जुन्या देण्यापासून सुरुवात. त्यामुळे अ‍ॅडव्हाइस आला की तोच प्रमाण, मॉडेल काहीही म्हणो. देखभाल कराराची दर महिन्याची एकसारख्या रकमेची बिलं असतील आणि नॅरेशन कोरं असेल, तर तिथे शिकण्यासारखं काहीच नसतं. जुनं बिल आधी लावा आणि पुढे चला.

चालू झाल्यावर

अकाउंटंटने बदललेली प्रत्येक जुळणी कारणासकट साठवा. पुढच्या वेळी तीच सर्वांत चांगली उत्तरपत्रिका असते. टॅलीत नोंदी एक्सएमएलने आत घेता येतात, पण पहिले काही आठवडे कंपनीच्या कॉपीवर घ्या आणि रोजची बेरीज बँकेशी ताडून बघा. प्रत्येक आपोआप नोंदीच्या व्हाउचर नॅरेशनमध्ये तशी खूण घाला, म्हणजे उलटवायची वेळ आली तर शोधता येतील.

एप्रिलमध्ये विशेष लक्ष ठेवा. नव्या आर्थिक वर्षात बिल नंबर बहुतेकांकडे पुन्हा ०००१ पासून सुरू होतात, त्यामुळे ‘८१७’ हे गेल्या वर्षीचं की या वर्षीचं, हे तारखेवरून ठरवावं लागतं. ५० लाखांची टीडीएस मर्यादाही शून्यापासून मोजली जाते, म्हणून मार्चपर्यंत ०.१ टक्का कापणारी पार्टी एप्रिलपासूनच्या बिलांची पूर्ण रक्कम पाठवू लागते आणि मर्यादा ओलांडली की मधूनच कापायला सुरुवात करते. मास्टरमधला दर हा कायमचा आकडा न ठेवता त्या वर्षात पार्टीने आजवर केलेल्या खरेदीवरून काढा. रोज रात्री चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये त्यासाठी दोन-तीन ओळीच वाढतात.