काजू फोडणाऱ्या बायकांकडे जाण्याआधी

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका काजू कारखान्यात मी प्रबंधासाठी पाच महिने जात होते. हातांचे त्वचारोग आणि कंबर-खांद्यांची दुखणी हा विषय. आता तू त्याच कामाला निघाली आहेस, म्हणून सुचेल तसं लिहून देते.

पहिली तयारी घरीच करायची. आजीला बिब्ब्याबद्दल विचार. बिब्बा उतला, म्हणजे त्याच्या तेलाने अंगावर फोड उठले, की काय होतं हे तिने पाहिलेलं असतं, आणि काजूच्या टरफलातला चीक हा त्याचाच भाऊबंद आहे. काजू, बिब्बा, आंबा ही सगळी एकाच कुळातली झाडं. ज्या बाईला बिब्बा उततो किंवा आंब्याच्या चिकाने ओठाला फोड येतात, तिला काजूचाही त्रास होण्याची शक्यता जास्त. त्यामुळे प्रश्नावलीत हे दोन प्रश्न हवेतच. मी ते दुसऱ्या महिन्यात घातले आणि आधीच्या चोवीस जणींकडे पुन्हा जावं लागलं.

कारखान्यात बी वाफवतात की भाजतात ते जाण्याआधी विचारून ठेव. भाजताना चिकाचा बराच भाग बाहेर पडतो आणि जळतो, त्यामुळे तिथे धुराने डोळे आणि घसा धरतो. वाफवलेल्या बीच्या टरफलात चीक तसाच राहतो आणि फोडणारणीच्या बोटांवर येतो. म्हणजे एका ठिकाणी खोकल्याचे प्रश्न आधी, दुसऱ्या ठिकाणी हातांचे.

संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय एकही प्रश्न विचारू नकोस. संमतीपत्रक मराठीत छाप, समजावून सांग कोकणीत, आणि एक प्रत त्या बाईकडे राहू दे. जिला वाचता येत नाही तिच्यासाठी साक्षीदार लागतो, आणि तो मुकादम नसावा. माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली. पहिल्या दिवशी मालकांनीच ओळख करून दिली आणि नंतर ते दाराशी उभे राहिले. सगळ्यांनी सह्या केल्या, सगळ्यांनी ‘काही त्रास नाही’ म्हणून सांगितलं. त्या दिवसाचे कागद मी बाजूला ठेवले. दाराशी मालक उभे असताना दिलेल्या होकाराला मी संमती म्हणू शकत नव्हते.

मग घरी जाऊ लागले, संध्याकाळी, दिवाबत्तीच्या सुमाराला. तिथेही ‘त्वचेचा आजार आहे का?’ या प्रश्नाला ‘ना’ हेच उत्तर यायचं. काळवंडलेली, साल निघालेली बोटं मला समोर दिसत होती. एक मावशी म्हणाल्या, ‘आमचे हात अशेच आसतात गो बाय.’ त्यांच्या लेखी तो आजार नव्हताच, काम करणाऱ्याचे हात होते. त्या रात्री मी प्रश्न बदलला: जेवताना हुमणात, म्हणजे माशांच्या आमटीत, हात घातला की झोंबतं का? भांडी घासताना? मीठ लावताना? मग उत्तरं येऊ लागली. एकीने सांगितलं की ती दोन वर्षं चमच्याने जेवते. तुझी प्रश्नावली कुठल्याही नावाजलेल्या नमुन्यावरून घेतलेली असो, जाण्याआधी तिच्यातला प्रत्येक प्रश्न त्या बाईच्या दिवसात कुठे बसतो ते पाहा. बसत नसेल तर बदल.

वेळेचा हिशेब आधी कर. मजुरी फोडलेल्या गराच्या वजनावर असते. ३२० नंबरचा काजू म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे गर, म्हणजे किलोला साडेसहाशे ते सातशे. एवढ्या बिया एकेक करून पात्याखाली धरायच्या, दर बीला पायाने दाबायचं, हाताने दांडा ओढायचा. तू वीस मिनिटं बोलत बसलीस तर ती वीस मिनिटं तिच्या वजनातून जातात. ‘बाय, बेगीन विचार’ असं कोणी म्हणालं तर तो उद्धटपणा समजू नकोस. कामाच्या वेळेत फक्त बघ आणि मोज. बोलणं सुट्टीत किंवा घरी.

मोजायला फार काही लागत नाही. सेकंदकाट्याचं घड्याळ, शिवणाची टेप, वही. मिनिटाला किती बिया, बसायच्या पाटाची उंची, दांड्यापर्यंत हात किती लांब जातो. पावसात कागद भिजतो, म्हणून पेन्सिल आणि प्लास्टिकची पिशवी.

अंगावर जुने, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घाल. टरफलांच्या ढिगात उगाच हात घालू नकोस आणि त्याच हाताने डोळे चोळू नकोस. चीक तेलकट असतो, नुसत्या पाण्याने जात नाही. आधी खोबरेल, मग साबण. मी पहिल्या आठवड्यात मूठभर टरफलं उचलून पाहिली होती. तेव्हा काहीच झालं नाही, तिसऱ्या दिवशी बोटांच्या बेचक्यात पाण्याचे फोड आले. यातून प्रश्नावलीसाठी एक गोष्ट मिळाली: ‘आज त्रास आहे का’ एवढं पुरत नाही, मागच्या आठवड्याचं, मागच्या हंगामाचं विचारायला हवं. चीक कातडीवर लावून ‘चाचणी’ करायचा मोह मात्र कोणाच्याही बाबतीत टाळ, त्याने भाजल्यासारखी जखम होते. तो तपास त्वचातज्ज्ञांनीच करायचा.

हातमोज्यांवर भाषण देऊ नकोस. मोजे घातले की बोटांना बी कळत नाही, वेग कमी होतो, तुकडे जास्त पडतात. भोक पडलेला मोजा तर आत शिरलेला चीक धरून ठेवतो. बायका तेल आणि राख का लावतात ते आधी नीट ऐकून लिहून घे.

फोटोसाठी वेगळी संमती हवी. चेहरा नसला तरी हातावरचं गोंदण किंवा बांगडी बघून सगळा वाडा माणूस ओळखतो.

आणि कोणाचा हात फारच बिघडलेला दिसला तर काय करायचं, हे पहिल्या दिवसाआधी ठरलेलं असावं. जवळचं आरोग्य केंद्र कुठलं, बांबोळीच्या सरकारी मोठ्या इस्पितळात त्वचारोगाची ओपीडी कोणत्या दिवशी, तिकडे जायला कदंब बस किती वाजता, हे वहीच्या पहिल्या पानावर लिही. तिच्याकडे ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेचं, कार्ड आहे का तेही विचार. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला ती योजना लागू होते, पण कार्ड पेटीत पडून राहिलेलं मी पाहिलं आहे. कारखाने कायदा १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत रसायनांच्या संपर्काने होणारा त्वचादाह सरकारला कळवण्याजोग्या आजारांमध्ये धरला होता, हे तिथल्या एकाही बाईला कोणी सांगितलेलं नव्हतं.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीचे पंधरा दिवस आणि शिगम्याचा, म्हणजे तिकडच्या होळीचा, आठवडा मोकळा सोड. निष्कर्ष सांगायला परत जायची तारीख मात्र पहिल्याच भेटीत दे, आणि प्रबंध जमा झालेला असो वा नसो, त्या दिवशी जा. मी दिलेली तारीख एकदा पुढे ढकलली होती. त्या मावशींनी शेजारणींना बोलावून, चहा करून ठेवला होता.