नेटवर्क प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवतोय? या चुका टाळा

प्रिंटर ऑफलाइन दिसला की लोक आधी ड्रायव्हर (कॉम्प्युटरमधलं प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) उडवतात आणि परत टाकतात. कृपा करून हे थांबवा. कालपर्यंत नीट चालणारा ड्रायव्हर एका रात्रीत सहसा बिघडत नाही. बहुतेकदा बदललेला असतो तो प्रिंटरचा आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा पत्ता.

एका ऑफिसात महिनाअखेरीला पगाराच्या स्लिपा अडकल्या म्हणून मला बोलावलं. अकाउंट्सच्या कॉम्प्युटरवर एकाच प्रिंटरच्या चार नोंदी होत्या: मूळ, मग कॉपी १, कॉपी २, कॉपी ३. प्रिंट येत नाही म्हटल्यावर दरवेळी कुणीतरी ‘अ‍ॅड प्रिंटर’ केलं होतं आणि चारही रांगांत त्याच स्लिपा साचल्या होत्या. प्रिंटरच्या पॅनलवरून कॉन्फिगरेशन पेज काढलं, तर पत्त्याचा शेवटचा आकडा ५२. कॉम्प्युटरच्या पोर्टमध्ये, म्हणजे प्रिंट कुठल्या पत्त्यावर पाठवायची त्या सेटिंगमध्ये, ४५. रात्री वीज गेली होती, राउटर परत सुरू झाला आणि त्याने प्रिंटरला नवा पत्ता दिला, एवढंच. आधी जादा तीन रांगा रिकाम्या केल्या, नाहीतर प्रत्येक स्लिप चारदा छापली गेली असती. मग पोर्टमधला आकडा बदलला. पाच मिनिटांचं काम, पण त्यापायी अर्धा दिवस गेला होता.

तेव्हापासून मी राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवतो, तो कागदावर लिहून प्रिंटरवरच चिकटवतो आणि विंडोजने आपणहून लावलेला डब्ल्यूएसडी पोर्ट (प्रिंटर आपोआप शोधणारा) काढून साधा टीसीपी/आयपी पोर्ट (ठरलेल्या पत्त्यावर प्रिंट पाठवणारा) लावतो. नुसतं पिंग लागलं, म्हणजे त्या पत्त्यावरून उत्तर आलं, म्हणून विश्वास ठेवू नका, जुना पत्ता एखाद्या मोबाइलला मिळालेला असू शकतो. पत्ता ब्राउजरमध्ये टाका आणि प्रिंटरचं स्वतःचं पान उघडतंय का ते बघा.

प्रिंटर चालू आहे, छापतोही आहे, तरी ऑफलाइन दिसतोय? पोर्टच्या सेटिंगमधली एसएनएमपी स्टेटसची (प्रिंटरला त्याची स्थिती विचारण्याच्या सोयीची) खूण काढा.

रांगेतलं काम डिलीट होत नसेल तर प्रिंट स्पूलर सर्व्हिस (विंडोजमध्ये प्रिंटची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम) थांबवा, स्पूल फोल्डरमधल्या प्रिंटर्स फोल्डरातल्या फाइली उडवा, सर्व्हिस सुरू करा. फाइली न उडवता नुसतं रीस्टार्ट केलं तर अडकलेलं काम परत तिथेच येऊन बसतं.

यूएसबीने एकाच्या कॉम्प्युटरला जोडलेला प्रिंटर सगळ्यांना शेअर केला असेल, तर तो कॉम्प्युटर स्लीपमध्ये गेला की सगळ्यांचं काम बंद. त्याचं स्लीप बंद करा आणि नेटवर्क प्रोफाइल ‘प्रायव्हेट’ ठेवा. प्रिंटरला लॅन पोर्ट (नेटवर्कची केबल लावायची जागा) असेल तर सरळ केबल लावा, मला तरी शेअरिंगपेक्षा तेच पटतं.

आता ज्याचा मला खरा राग येतो ते. शेअर्ड प्रिंटर जोडताना ११बी ने संपणारा एरर आला की लोक व्हिडिओ बघून रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात) ‘आरपीसी ऑथेंटिकेशन’ या सुरक्षेच्या सेटिंगची किंमत शून्य करतात. सप्टेंबर २०२१ च्या विंडोज अपडेटने प्रिंटिंगमधली एक सुरक्षेची फट बुजवली, शून्य केलं की ती परत उघडते. प्रिंट निघते, म्हणून कुणी पुढे बघतही नाही. सगळ्या कॉम्प्युटरांवर, विशेषतः प्रिंटर जोडलेल्या कॉम्प्युटरवर, अपडेट पूर्ण करा. तरीही एरर येत असेल तर शेअरिंग सोडा आणि प्रिंटर नेटवर्कला जोडता येत असेल तर थेट त्याच्या आयपीवरून जोडा.