माजी विद्यार्थी मुलाखत घेतात तेव्हा

अमेरिकेतील हार्वर्ड, प्रिन्स्टन, एमआयटी यांसारख्या विद्यापीठांत पदवी प्रवेशासाठी अर्ज केल्यानंतर काही अर्जदारांना त्या संस्थेच्या एखाद्या माजी विद्यार्थ्याकडून मुलाखतीसाठी ईमेल येतो. तो न आल्यास अर्जाचे नुकसान होत नाही, असे ही विद्यापीठे स्वतःच सांगतात. आल्यास मात्र अर्जदाराने स्वतः आणि तत्परतेने उत्तर द्यावे. पालकांनी परस्पर वेळ ठरवू नये.

मुलाखतकारासमोर बहुधा तुमचे गुण किंवा निबंध नसतात. संभाषणानंतर तो आपला अभिप्राय प्रवेश कार्यालयाला लिहून पाठवतो, निर्णय घेत नाही. म्हणून त्याला लिहिण्यासारखे काही हाती लागेल, असे बोलावे. ‘मला रोबोटिक्सची आवड आहे’ हे कोणीही म्हणेल. पण यंत्राचा हात वस्तू उचलताना का थरथरत होता, मोटर बदलूनही दोष का गेला नाही आणि शेवटी तो एका सैल स्क्रूमध्ये कसा सापडला, हे सांगितले की विचार करण्याची पद्धत दिसते. घोटून पाठ केलेली उत्तरे, आपल्याकडे कितीही क्लास लावले तरी, चटकन ओळखू येतात.

‘तुला काही विचारायचे आहे का?’ हा प्रश्न जवळजवळ ठरलेलाच असतो. त्या वेळी संकेतस्थळावर सहज मिळणारी माहिती न विचारता, पहिल्या वर्षी त्यांना काय जड गेले, हे विचारावे. मुलाखत व्हिडिओ कॉलवर असल्यास दिलेली वेळ भारतातली की अमेरिकेतली, याची आधीच खात्री करावी. दुसऱ्या दिवशी आभाराचा चार ओळींचा ईमेल पुरे. त्यात निकालाची चौकशी करू नये, कारण तो मुलाखतकाराच्या हातात नसतो.